सामूहिक आपत्तीनंतर परिचारिकांवर पडणारा भावनिक ताण : किल्लारी भूकंपाच्या संदर्भात

प्रस्तावना :
30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील 52 गावे उद्ध्वस्त केली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून झोपलेली माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाखाली गाडली गेली. शासकीय नोंदीनुसार मृतांची संख्या 8 हजारांच्या आसपास, तर जखमींची 16 हजारांच्या आसपास होती. या आपत्तीवर भूगर्भशास्त्र, पुनर्वसन, स्थापत्य आणि समाजशास्त्र या अंगांनी विपुल लेखन झाले आहे. तथापि या जखमींना ज्यांनी हाताळले, त्या परिचारिकांच्या मनाचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. प्रस्तुत लेखात हा प्रश्न समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रुग्णालयातील वास्तव :
1993 साली लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते 2002 साली सुरू झाले. गंभीर जखमींना सोलापूर, अंबाजोगाई यांसारख्या दूरच्या ठिकाणी न्यावे लागे. त्यातच पावसाने रस्ते व मदतकार्य दोन्ही अडवले. अशा वेळी पहिली पट्टी, पहिली सलाईन आणि पहिला धीर हा भाग बहुतांशी परिचारिकेकडेच येतो. डॉक्टर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात; परिचारिका मात्र त्याच कक्षात, त्याच खाटांमध्ये थांबते. नातेवाईक प्रश्न विचारतात तेही तिलाच. "सिस्टर, माझं लेकरू कुठंय?" या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नसते, आणि असले तरी ते सांगण्याचे धैर्य कोणत्याही अभ्यासक्रमाने तिला दिलेले नसते.

सामूहिक आपत्तीत रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी करतात. लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशा चार रंगांच्या खुणा त्यासाठी वापरल्या जातात. काळी खूण म्हणजे मृत, अथवा उपलब्ध साधनांत वाचण्याची शक्यता नसलेला रुग्ण. एरवी परिचर्येचे सारे शिक्षण 'शेवटच्या श्वासापर्यंत प्रयत्न' हे शिकवते. आपत्तीच्या दिवशी मात्र श्वास चालू असलेल्या माणसाला बाजूला ठेवून पुढे जावे लागते. हा निर्णय शास्त्रशुद्ध असतो. तरीही तो घेणारे मन शास्त्राने शांत होत नाही. मृतदेह स्वच्छ करणे, बांधणे, ओळख पटविण्यासाठी नातेवाइकांसमोर चेहरा उघडणे ही कामेही तिच्याच वाट्याला येतात आणि त्यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

ग्रामीण भागात आणखी एक पैलू आहे. उपकेंद्रातील परिचारिका ज्या गावात सेवा देते, त्याच गावात अनेकदा राहते. मृतांपैकी कितीतरी जणांची बाळंतपणे तिनेच केलेली असतात, लसी तिनेच टोचलेल्या असतात. शहरातील अपघात विभागात रुग्ण बहुधा अनोळखी असतो. येथे तो नावानिशी ओळखीचा असतो. पाश्चात्त्य संशोधनातील निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावताना हा फरक ध्यानी घेतला पाहिजे, असे वाटते.

संकल्पनांचा विचार :
आघातोत्तर तणाव विकृतीस 1980 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्थान मिळाले. 1992 साली जॉइन्सन यांनी आकस्मिक विभागातील परिचारिकांच्या संदर्भात 'करुणेचा थकवा' हा शब्दप्रयोग केला. दुसऱ्याचे दुःख सतत झेलताना स्वतःची सहानुभूतीची शक्तीच आटत जाणे, असा त्याचा आशय आहे. झोप न लागणे, विशिष्ट वास वा आवाजाने दचकणे, घरच्यांवर विनाकारण चिडणे, किंवा काहीच न वाटणे, ही त्याची रूपे होत. शेवटचे लक्षण सर्वांत फसवे असते; कारण भोवतालच्या लोकांना ते कणखरपणाचे लक्षण वाटते.

याहून निराळी संकल्पना जेम्टन यांनी 1984 साली मांडली. योग्य काय ते ठाऊक असूनही व्यवस्थेच्या मर्यादांमुळे ते करता न येणे, यातून होणारा नैतिक क्लेश. आपल्या राज्यातील परिस्थितीला ही संकल्पना अधिक लागू पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके दगावली. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीची गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन 22 रुग्ण मरण पावले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून 11 रुग्णांचा मृत्यू झाला आणि पुढे अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. वीजवाहिन्या, अग्निसुरक्षा, प्राणवायूची नळी यांपैकी कशावरही परिचारिकेचा अधिकार चालत नाही. मात्र घटनेच्या वेळी खाटेजवळ उभी असते ती तीच. दोष कोणाचा हे न्यायालये ठरवतील. मात्र ज्या व्यक्तीने मृत्यू पाहिले, तिलाच संशयित म्हणून उभे राहावे लागले, तर आघाताबरोबर अपराधभावही जडतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले व दोन पहारेकरी ठार झाले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी 20 गर्भवती महिलांना कक्षाच्या टोकाच्या लहान खोलीत नेऊन वाचविले. एका महिलेला कळा सुरू होताच भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेले. पुढे त्या गणवेश घालूनच साक्षीला उभ्या राहिल्या आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेसमोरही त्यांनी आपला अनुभव मांडला. त्यांचे बोलणे ऐकले गेले, ही बाब मानसशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची आहे. अर्थात शौर्याचा गौरव म्हणजे उपचार नव्हे.

उपाययोजनेविषयी :
आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून अनुभव सांगायला लावणे ही पद्धत एकेकाळी फार प्रचलित होती. कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात मात्र अशा एकाच बैठकीने आघातोत्तर विकृती टळत नाही असे दिसून आले. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत बोलण्याची सक्ती न करता सुरक्षितता, विश्रांती व आप्तांशी संपर्क यांवर भर आहे. परिचारिकांच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे : पाळी वेळेवर बदलणे, जेवण व झोपेची जागा, घरच्यांची खुशाली कळविण्याची सोय, आणि काही आठवड्यांनंतर अधिसेविकेने आवर्जून केलेली विचारपूस. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस सेवाही उपलब्ध आहे. परंतु बारा तासांच्या पाळीनंतर दूरध्वनी करण्याइतकी उमेद उरलेली असते का, हा प्रश्न राहतोच.

1996 साली अमेरिकेतील एका मानसोपचार नियतकालिकात किल्लारी परिसरातील भूकंपग्रस्तांविषयी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींत मानसिक विकार आढळल्याचे त्यात नमूद आहे. हा अभ्यास वाचलेल्यांचा होता, वाचविणाऱ्यांचा नव्हे. 1993 साली पंचविशीत असलेल्या परिचारिका आज निवृत्त झाल्या आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्या लातूर, औसा, उमरगा, उदगीर, जळकोट या भागांतच राहतात, आपल्या विद्यार्थ्यांच्या आज्या-मावश्या आहेत. मानसशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्र येऊन, त्यांची संमती घेऊन व नावे गुप्त ठेवून, त्यांच्या मौखिक मुलाखती नोंदविण्याचे काम हाती घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत.