सुट्टीचा प्रवास : बऱ्हाणपूर

सुट्टीतील प्रवास बिघडतो तो पुष्कळदा पैशाच्या नव्हे, क्रमाच्या अभावी. बऱ्हाणपूरचेच उदाहरण घ्यावे. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील हे स्थानक लालबागेत आहे. मूळ शहर तेथून दूर, तापीकाठी. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून केवळ उताराने शहरास पुरविणारा, 1615 च्या सुमाराचा कुंडी भंडाराही लालबागेकडेच आहे. राजपुऱ्यात आप्तांकडे उतरणाऱ्याने तेवढ्यासाठी निराळी खेप घालू नये. परतीच्या दिवशी, गाडीपूर्वी तो पाहावा. कुंडीत उतरण्याची सोय चालू आहे काय, याची मात्र आधी चौकशी करावी.

अशीरगड सुमारे 20 किलोमीटरवर आहे. 1601 साली अकबराला मिळालेला हा गड निमाडच्या उन्हात चढणे मुलांना व वृद्धांना झेपत नाही. तेव्हा पहाटेच निघावे, पाणी बरोबर घ्यावे आणि दुपार विश्रांतीस ठेवावी. तिसऱ्या प्रहरी शाही किल्ला व जामा मशीद पाहावी. मशिदीतील संस्कृत शिलालेख चुकवू नये. शुक्रवारची दुपार मात्र टाळावी.

तापीपलीकडे जैनाबादेस, 1631 मध्ये निवर्तलेल्या मुमताजमहलचे पहिले दफन झाले. पुरंदरच्या तहामुळे परिचित असलेला मिर्झाराजा जयसिंग 1667 मध्ये बऱ्हाणपुरासच वारला; त्याची छत्रीही या परिसरात आहे. या दोहोंसाठी वाहन आधी ठरवावे.

वेळ अपुरा पडल्यास एखादे स्थळ खुशाल वगळावे. चार स्थळे धावत पाहणाऱ्याच्या पदरी शीण पडतो. दोन स्वस्थपणे पाहणाऱ्याच्या पदरी इतिहास.