गोठ्याच्या पक्क्या जमिनीसाठी काँक्रीटचा अंदाज

गोठ्याची जमीन पक्की असली म्हणजे जनावरांच्या पायाखाली चिखल होत नाही, शेण काढणे सोपे जाते आणि गोमूत्र मातीत न मुरता नालीवाटे खताच्या खड्ड्यात नेता येते. परंतु हे काम काढताना सामानाचा अंदाज पुष्कळदा नुसत्या नजरेने बांधला जातो. सिमेंट कमी पडले तर काम अर्ध्यावर थांबते. आदल्या दिवशी घट्ट झालेल्या कडेशी नवे काँक्रीट नीट एकजीव होत नाही. त्या सांध्यात गोमूत्र झिरपते व खुरांच्या आघाताने कडा फुटतात. उलट सिमेंट फार आणले, तर उरलेल्या गोण्या पावसाळी हवेत ओल धरतात आणि त्यांत गुठळ्या होतात. दोन्ही परींनी शेतकऱ्याचा पैसा वाया जातो.

अंदाजाची रीत सोपी आहे. लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही मापे मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा. समजा, गोठा 9 मीटर लांब व 4 मीटर रुंद आहे आणि काँक्रीटचा थर 10 सेंटिमीटर, म्हणजे 0.10 मीटर, घालावयाचा आहे. तर तयार काँक्रीट 3.6 घनमीटर लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खडीच्या फटींत वाळू व वाळूच्या फटींत सिमेंट सामावत असल्याने कोरडे सामान तयार काँक्रीटच्या सुमारे 1.54 पट घ्यावे लागते. म्हणून येथे कोरडे सामान सुमारे 5.54 घनमीटर होईल. सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण 1:2:4 धरल्यास एकूण सात भाग होतात. त्यांपैकी सिमेंट 0.79, वाळू 1.58 व खडी 3.17 घनमीटर येते. एक घनमीटर सिमेंटचे वजन 1,440 किलो धरले, तर 50 किलोच्या 23 गोण्या होतात. सांडलवंडीसाठी शेकडा 5 अधिक धरून 24 गोण्या आणाव्यात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर. त्या हिशेबाने वाळू 0.6 ब्रास व खडी 1.2 ब्रास पुरते.

हिशेब बरोबर असूनही सामान कमी पडते, त्याचे मुख्य कारण जाडीत असते. लांबी-रुंदी टेपाने मोजली जाते; जाडी मात्र खालच्या जमिनीवर अवलंबून राहते. वरील गोठ्यात तळ सरासरी 2 सेंटिमीटर खोल राहिला, तर 0.72 घनमीटर काँक्रीट, म्हणजे जवळजवळ 5 गोण्या सिमेंट, त्या खड्ड्यांतच जाते. यासाठी मुरूम पसरून, पाणी मारून तो धुमसाने चोपावा आणि दोरी व पाणसळ लावून तळ सारखा करावा. नालीकडचा उतारही मुरुमाच्या थरातच द्यावा. काँक्रीटची जाडी वाढवून उतार साधणे फार महाग पडते.

दुसरे कारण ओली वाळू होय. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे मापात ती प्रत्यक्षाहून अधिक भासते. उभ्या काचपात्रात अशी वाळू 10 सेंटिमीटर उंचीपर्यंत सैल भरावी, तीत पाणी घालून ढवळावे व ती बसू द्यावी. ती 8 सेंटिमीटरवर आली, तर फुगवटा शेकडा 25 आहे असे समजावे. मग दोन पेट्यांऐवजी अडीच पेट्या वाळू घ्यावी आणि खरेदीही 0.6 ऐवजी 0.75 ब्रास करावी.

तळ सारखा झाल्यावर चार-सहा ठिकाणी जाडी पुन्हा मोजावी, मगच सिमेंटची खरेदी करावी. आणलेल्या गोण्या भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचाव्यात. गवंडी येण्यापूर्वी टेप, दोरी व कागद घेऊन घालवलेला एक तास पुढे काम अर्ध्यावर अडू देत नाही.