चाला, पण किती? आणि विचारणार कोण?

ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर 165 आली की डॉक्टर सांगतात, ‘अजून मधुमेह नाही, पण चालायला लागा.’ बंगळुरूच्या जे. पी. नगरात चालायला जागा नाही असं म्हणता येत नाही. सातव्या फेजमधलं पुट्टेनहळ्ळी तळं 2010 पासून रहिवाशांच्याच ट्रस्टनं जोपासलं आहे, सारक्की तळंही जवळच आहे. पावलं मोजणारा फोन बहुतेकांच्या खिशात असतो. तरीही या सल्ल्याचं काय होतं, हे आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह अभ्यासाच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसतं. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगडमधले 54.4 टक्के लोक निष्क्रिय होते, आणि फुरसतीत मुद्दाम हालचाल करणारे 10 टक्केही नव्हते. याच अभ्यासाच्या 2023 च्या अहवालानुसार देशात सुमारे 13.6 कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना नुसतं ‘चाला’ सांगून भागणार नाही. आज तुम्ही किती चालता आणि पुढच्या महिन्यात किती चालणार, हे ठरवून पुन्हा विचारणारं कुणीतरी हवं. फोनचा खरा उपयोग या विचारण्याला आधार म्हणून आहे.

चालण्याचा फायदा वजनकाट्यावर दिसण्याआधीच रक्तात सुरू होतो. स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनवर अवलंबून न राहताही ग्लुकोज ओढून घेतात. जेवणानंतरच्या शतपावलीला शरीरशास्त्राचा आधार आहे तो इथे. बारीक दिसणाऱ्यांनीही हे मनावर घ्यायला हवं, कारण भारतीय शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. प्रश्न उरतो तो लोकांना चालतं कसं करायचं याचा. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशाच उंबरठ्यावरच्या लोकांचे तीन गट केले होते. दोन गटांना एकसारखं शिक्षण मिळालं. त्यांपैकी एकाला शिवाय पावलं मोजणारं यंत्र आणि ज्याच्या त्याच्या सवयीवरून ठरवलेलं लक्ष्य दिलं. वर्षभरानं या गटाची दोन तासांनंतरची साखर नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा सुमारे 24 मिलिग्रॅमनी खाली होती. नुसत्या शिक्षणानं तेवढा फरक पडला नाही. प्रत्येकानं 10,000 पावलं गाठायचा हट्टही इथे नव्हता. तो आकडा 1960च्या दशकातल्या एका जपानी यंत्राच्या नावातून पसरला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2013 च्या अभ्यासात 537 नोकरदार पुरुषांपैकी ज्यांना दोन वर्षं मोबाइलवर संदेश गेले, त्यांच्यात 18 टक्क्यांना मधुमेह झाला. इतरांत 27 टक्क्यांना. पण भारत आणि ब्रिटनमधल्या 2,062 जणांवर पुढे असाच प्रयोग झाला, तेव्हा 2020 च्या निष्कर्षात ठोस फायदा दिसला नाही. लेस्टरच्याच नंतरच्या मोठ्या अभ्यासात संदेश आणि फोनच्या जोडीनं पहिल्या वर्षी रोजची सरासरी 547 पावलं वाढली, चौथ्या वर्षी ती वाढ उरली नाही. यावरून तंत्रज्ञान फोल ठरवणं घाईचं होईल. वाढलेली पावलं टिकवायला पहिल्या वर्षाचा जोर पुरत नाही, एवढं मात्र यातून नक्की कळतं. रक्तदाबाची गोळी दोन वर्षांनी बंद केली आणि दाब चढला, तर आपण गोळीला दोष देत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. चेन्नईचा तो अभ्यास फक्त पुरुषांवर होता. पहाटे स्वयंपाकघरात अडकलेल्या बाईला फोनवरचा आकडा वेळ मिळवून देणार नाही, आणि तुटलेल्या फुटपाथवर तो तिला सुरक्षितही ठेवणार नाही. म्हणून लक्ष्य तिच्या दिवसात मावेल असं हवं: जेवणानंतर 15 मिनिटं, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात. महागडं घड्याळ त्यासाठी लागत नाही. साखर तपासायला ती पुन्हा येईल तेव्हा परिचारिकेनं गेल्या महिन्याची पावलं विचारावीत, अहवालाशेजारी लिहावीत आणि पुढचा आकडा तिच्याशी बोलून ठरवावा. एवढं काम वस्तीतल्या कुठल्याही दवाखान्यात आजपासून सुरू करता येईल.