हायब्रिड गाडीला रिमोट स्टार्टर लावावा का?

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय एका मेलवरून सुचला. आपले एक श्रोते पुण्याहून मिनियापोलिसला आलेत. इथला हा त्यांचा पहिलाच हिवाळा आणि गाडी घेतली आहे हायब्रिड. ते लिहितात, "शेजारचे सगळे घरात चहा पिता पिता बटण दाबतात आणि गाडी गरम झाली की बाहेर पडतात. मी मात्र पहाटे काच खरवडत बसतो. बाहेरून रिमोट स्टार्टर बसवून घेऊ का?"

आधी थेट उत्तर देतो, मग कारणं. गाडीत कंपनीचीच सोय असेल तर उन्हाळ्यात खुशाल वापरा. हिवाळ्यात वापरा, पण दोन-चार मिनिटांपुरती. बाहेरून बसवून घ्यायचा विचार असेल तर माझा सल्ला शक्यतो 'नको' असा आहे. आणि गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभी असेल तर अजिबात नाही. हे शेवटचं मी ठेच लागून शिकलोय, त्याकडे येतोच.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

साध्या पेट्रोल गाडीत रिमोट स्टार्टर म्हणजे सरळ हिशोब. बटण दाबलं की स्टार्टर मोटर फिरते, इंजिन चालू होतं आणि बंद करेपर्यंत चालूच राहतं. हीटर इंजिनाच्या उष्णतेवर चालतो आणि एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर.

टोयोटा पद्धतीच्या पूर्ण हायब्रिडमध्ये ती नेहमीची स्टार्टर मोटरच नसते. बटण दाबल्यावर आधी गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात, मोठी बॅटरी जोडली जाते आणि समोर 'रेडी' असं दिसतं. इंजिन लागेल तेव्हा हायब्रिडचीच एक इलेक्ट्रिक मोटर त्याला फिरवून चालू करते. म्हणजे दुरून तुम्ही इंजिन चालू करत नाही, गाडीला जागं करता. पुढे इंजिन कधी लावायचं आणि कधी बंद करायचं, हे गाडी ठरवते.

हा फरक डोक्यात बसला की बाकीची उत्तरं आपोआप मिळतात.

उन्हाळा: इथे हायब्रिड जिंकते

पूर्ण हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसपासून टोयोटाने तो तसा केला. त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा मिळते. 2010 च्या प्रियसमध्ये छतावर सोलर पॅनेल असलेल्या मॉडेलला किल्लीवरच एसीचं बटण होतं. ते दाबलं की बॅटरीवर जास्तीत जास्त तीन मिनिटं एसी चालायचा. तीन मिनिटं कमी वाटतात, पण भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत बसताना तेवढीही पुष्कळ असतात.

आपले नागपूर, जळगाव, सोलापूरचे श्रोते म्हणतील, हे तर आमच्या कामाचं. बरोबर आहे. पण आधी गाडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. ग्रँड विटारा 'स्मार्ट हायब्रिड'ही मिळते आणि 'स्ट्राँग हायब्रिड'ही. स्मार्ट हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच असतो, त्यामुळे एसीसाठी इंजिन चालू ठेवावंच लागतं. या बाबतीत ती साधी पेट्रोल गाडीच समजा.

स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी साधारण 0.76 किलोवॉट-तासाची, म्हणजे पाऊण युनिटची. त्यातली निम्मी वापरायला मिळते असं धरू. तापलेली गाडी गार करताना एसी दीड-दोन किलोवॉट ओढतो असं धरलं, तर दहा-पंधरा मिनिटं निघतात. त्यानंतर बॅटरी भरायला इंजिन आपणहून चालू होतं. म्हणून पाच मिनिटं आधी बटण दाबा, अर्धा तास आधी नको.

भारतात एक कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 126 सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करायची तर चालकाच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला हवा. त्यामुळे सोसायटीच्या आवारात ठीक आहे, पण रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी दुरून चालू करून ठेवणं या नियमात बसत नाही.

हिवाळा: इथे गणित उलटतं

आता पुन्हा मिनियापोलिसला येऊ. गार हवा विजेवर मिळते, पण गरम हवेसाठी बहुतेक हायब्रिड इंजिनाच्या गरम कूलंटवरच अवलंबून असतात. हीटर लावला की गाडी इंजिन चालू करते आणि थंडीत ते बराच वेळ बंदच होत नाही. म्हणजे इंजिन कमी चालावं म्हणून हायब्रिड घेतली आणि रोज सकाळी तिला उभ्या जागी पेट्रोल जाळायला लावलं!

अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार, शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये उणे 7 अंशाला साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज 25 अंशाच्या तुलनेत साधारण 15 टक्के घटतं. हायब्रिडचं 30 ते 34 टक्के. थंडी हायब्रिडला आधीच जास्त मारते आणि त्यात आपण भर घालतो.

गाडी नुसती चालू ठेवली की तासाला पाव ते अर्धा गॅलन, म्हणजे साधारण एक ते दोन लिटर पेट्रोल जातं. रोज दहा मिनिटं धरली तर शंभर दिवसांच्या हिवाळ्यात 16 ते 32 लिटर. फार मोठी रक्कम नाही, हे मान्य. पण आजच्या गाड्यांना उभ्या उभ्या गरम करायची गरजच नसते. अर्ध्या मिनिटानंतर हलक्या पायाने निघालात की इंजिन लवकर गरम होतं.

"मग काचेवरच्या बर्फाचं काय?" रास्त प्रश्न आहे. दिसत नसताना गाडी काढणं धोक्याचंच आहे. त्यासाठी दोन-चार मिनिटं डीफ्रॉस्ट लावा, मी नाही म्हणत नाही. रात्री काचेवर कव्हर टाका, सीट हीटर असेल तर तो वापरा, आणि डीलरला ब्लॉक हीटरबद्दल विचारा. हा विजेवर चालणारा छोटा हीटर इंजिनाला बसवतात. टायमर लावून निघायच्या दोन तास आधी चालू केला की इंजिन कोमट असतं, त्यामुळे गरम हवा लवकर येते. प्लग-इन हायब्रिड असेल तर प्रश्न आणखी सोपा. प्रियस प्राइमसारख्या गाडीत हीट पंप आहे, ती बॅटरीवरच केबिन गरम करू शकते. फार कडाक्याच्या थंडीत मात्र तिथेही इंजिन मदतीला येतं.

गॅरेजची गोष्ट

आता माझी ठेच. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सासू-सासरे आमच्याकडे आले होते. त्यांची खोली गॅरेजच्या वर. त्यांना सकाळी डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातूनच गाडी चालू केली. गॅरेजचं दार बंद होतं. डोक्यात एकच, हायब्रिड आहे, इंजिन थोडीच लागणार! आवाजही आला नाही. चहा ओतत होतो आणि वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजायला लागला. दोघांना कोटाशिवाय, नुसत्या स्वेटरवर बाहेर बर्फात आणलं. कुणाला काही झालं नाही. पण तो अलार्म नसता तर मी आज हा भाग कुठल्या तोंडाने केला असता, माहीत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत तो सर्वात जास्त निघतो, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो. दार उघडं ठेवून भागत नाही. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मोजणीत वरचं मोठं दार उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं चालवली, तरी गॅरेजमध्ये प्रमाण 500 पीपीएमपर्यंत गेलं. गाडी बाहेर काढून दहा तास झाले तरी तिथे वायू सापडत होता. हायब्रिडमध्ये धोका जास्त फसवा आहे. ती गप्प उभी असते आणि तुमचं लक्ष नसताना इंजिन लावते. अमेरिकेत बिनकिल्लीच्या गाड्या गॅरेजमध्ये चुकून चालू राहून माणसं गेली आहेत.

बाहेरून बसवायचा असेल तर

हायब्रिडमध्ये असा स्टार्टर बसवणं म्हणजे किल्ली जवळ नसताना 'ती जवळ आहे' असं गाडीला पटवणं. त्यासाठी इममोबिलायझर चकवणारा मोड्यूल लागतो. काही जोडण्यांमध्ये दार उघडलं की गाडी बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय हे उपकरण 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून सतत थोडी वीज घेतं. हायब्रिडचे कॉम्प्युटर याच बॅटरीवर जागे होतात. गाडी दोन आठवडे विमानतळावर उभी राहिली आणि ही बॅटरी बसली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होणार नाही.

तरी बसवायचाच असेल तर तीन गोष्टी विचारा. नेमक्या याच मॉडेलवर आधी काम केलंय का? मूळ वायर कापणार का? आणि बिघाड झाला तर वॉरंटीचं काय, हे लिहून देणार का? नारिंगी रंगाच्या केबल उच्च व्होल्टेजच्या असतात. त्यांना हात लावायची भाषा कुणी केली तर तिथूनच परत फिरा.

तर मिनियापोलिसच्या मित्रा, आधी तुमच्या गाडीच्या ॲपमध्ये ही सोय आहे का बघा. असेल तर गाडी ड्राइव्हवेवर काढून मगच वापरा. नसेल तर ते पैसे ब्लॉक हीटरवर आणि झोपायच्या खोल्यांजवळच्या अलार्मवर घाला. अलार्म आधी.

पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत गाडी जपून चालवा.