हळदीच्या रंगाचा बेडूक

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की गावाबाहेरच्या डबक्यांत रात्रभर सभा भरते. कंदील घेऊन पाहावे, तर पाण्यात लिंबासारखे पिवळेधमक बेडूक बसलेले दिसतात आणि ओरडताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. पाहणाऱ्यास वाटावे, हा कोणी परद्वीपीचा प्राणी असेल. पण तो आपल्याच विहिरीकाठचा नेहमीचा मोठा बेडूक असतो!

एरवी त्याचा रंग हिरवट वा मातकट, त्यावर काळसर डाग, पाठीवर उभ्या वळ्या आणि पुष्कळदा मधोमध एक फिकट रेघ. तोंड निमुळते, मागच्या पायांची बोटे पातळ पडद्याने जोडलेली. लांबी सुमारे सहा इंचांपर्यंत भरते. पिवळा शृंगार फक्त नराचा, आणि तोही विणीच्या थोड्या काळापुरता. बेडकांच्या रंगांतील असा फरक ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तानेही टिपला आहे.

याचा संसार अफगाणिस्तान व पाकिस्तानापासून भारत, नेपाळ, बांगलादेश आणि म्यानमारपर्यंत पसरला आहे. भातशेती, तळी व ओढे ही त्याची आवडती ठिकाणे. किडे, खेकडे, उंदीर, लहान साप, इतर बेडूकसुद्धा त्याला चालतात. त्याची पिलेही दुसऱ्यांची पिले खातात. म्हणूनच माणसाच्या हाताने तो अंदमानात जाऊन पोहोचला, तेव्हा तेथील मूळच्या बेडकांस त्याचा उपद्रव होऊ लागला. जो आपल्या घरी शेतकऱ्याचा सोबती, तोच परक्या घरी त्रासदायक ठरला.

आपल्या घरी मात्र संकट त्याच्यावरच आले. मागच्या पायांच्या मांसासाठी परदेशी एवढे बेडूक रवाना होत, की १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. गोव्यात आजही पावसाळी रात्री ‘जंपिंग चिकन’च्या हौसेने चोरून शिकार होते. कायद्याने ती वर्ज्य आहे. वाईट हे, की नराची हाक ऐकून मादी यावी, तोच ती हाक ऐकून शिकारीही येतो. अंडी घालण्याआधीच जोडपी पोत्यात जातात, आणि पुढच्या वर्षीची सभा आधीच मोडते.

यंदा मृगात ‘डराँव’ ऐकू आले, तर झोपमोड झाली म्हणून कुरकुरू नये. डबके गप्प असण्यापेक्षा ते केव्हाही बरे.