मुंग्यांची वाट आणि बिनतारी निरोप

साखरेचा डबा कितीही घट्ट लावला तरी मुंग्यांना त्याचा सुगावा लागतोच. गृहिणी हळदीची रेघ ओढते. रांग क्षणभर विस्कटते आणि थोड्याच वेळात रेघेला वळसा घालून पुन्हा जुळते. घरोघरीचा हा देखावा यंत्रविद्येच्या कामी आला आहे, हे वाचून आम्हांला मोठे नवल वाटले.

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचे लहानसे बेट आहे. तेथे स्टॉर्म पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी उबवतात. या काळात माणसाचा उपद्रव झाला तर ते बीळ सोडून जातात. म्हणून २००२ साली बर्कलीच्या संशोधकांनी तेथे ३२ बिनतारी संवेदक ठेवले. मुठीत मावणारी ही यंत्रे उष्णता व आर्द्रता मोजून बेटावरील संगणकास कळवीत. पक्ष्यांना त्याची गंधवार्ताही नसे!

अशा यंत्राचा जीव त्याच्या बॅटरीत असतो, आणि मोजण्यापेक्षा बोलण्यातच ती अधिक खर्ची पडते. (माणसांचेही काहीसे असेच.) दूरवर निरोप धाडणे फार महाग, म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे द्यावा, अशी रीत. पण मग केंद्रालगतच्या यंत्रांवर साऱ्यांचे ओझे पडते. ती आधी मरतात, आणि मागची यंत्रे धडधाकट असूनही मुकी होतात. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने दरडीची पूर्वसूचना देण्यासाठी डोंगरउतारावर असे जाळे उभारले आहे. २०१४ सालचे माळीण ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना भर पावसात एखादे यंत्र मुके होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

आता मुंग्यांकडे वळू. ब्रुसेल्स येथील डनबूर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये त्यांनी दोन फाटे असलेला पूल ठेवला. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. मुंगी चालताना गंधाचा माग सोडते. आखूड फाट्याने गेलेल्या मुंग्या लवकर परतल्या, तेथला गंध आधी दाट झाला आणि मागच्या त्याच वाटेला लागल्या. कोणी हुकूम दिला नाही, कोणी नकाशा पाहिला नाही. मात्र आखूड फाटा अर्ध्या तासाने जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्या जुन्या लांब वाटेवरच अडकून राहिल्या. कारण तेथला गंध लवकर विरत नव्हता.

मिलानच्या मार्को डोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या प्रबंधात या युक्तीस गणिताचे रूप दिले आणि गंध मुद्दाम झपाट्याने विरेल अशी सोय केली. संवेदकांच्या जाळ्यात मुंगी म्हणजे एक इवलासा चाचणी-निरोप. तो केंद्रापर्यंत जाऊन परतताना प्रत्येक यंत्रात एक आकडा ठेवतो. आकडा काळाबरोबर घटतो. पुढचे निरोप मोठ्या आकड्याच्या वाटेला अधिक वेळा जातात, पण नेहमीच नव्हे. खरी मेख पुढे आहे. सर्वांनी सर्वांत जवळची वाट धरली तर तीच आधी उजाड व्हावयाची! म्हणून आकड्यात अंतराबरोबर उरलेली बॅटरीही धरतात. थकलेल्या यंत्राचा 'गंध' फिका पडतो आणि रांग वळसा घेते, हळदीच्या रेघेपाशी घेते तशीच.

पुढे मधमाश्या, काजवे, कोकिळा, वटवाघळे अशा अनेकांच्या नावाने गणिते निघाली. त्यांतील पुष्कळशी म्हणजे जुन्याच कल्पनेस नवे पीस लावण्याचा प्रकार, अशी टीका केनेथ सोरेन्सेन यांनी २०१५ च्या लेखात केली, आणि ती आम्हांस रास्त वाटते. शिवाय या कागदी मुंग्याही फिरताना बॅटरी खातातच. जाळे लहान असेल तर त्यांच्यावाचून साधी पाळीची पद्धतही चालते: २००० साली हाइन्झेलमन प्रभृतींनी मांडलेल्या रीतीत शेजारच्या यंत्रांचे निरोप गोळा करून केंद्राकडे धाडण्याचे जड काम आळीपाळीने प्रत्येकाकडे येते. एकत्र कुटुंबात नांदलेल्या आमच्या वाचक भगिनींना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.