विश्लेषण : फ्रेंच शिकायला फ्रान्सला जायचे, मग किल्ल्यांच्या सहली कशाला? उदगीरच्या विद्यार्थ्याला यात काय मिळते?

फ्रान्समध्ये भाषा शिकण्याचा एखादा कोर्स निवडला की माहितीपत्रकात हमखास एक ओळ दिसते : ‘दर शनिवारी ऐतिहासिक स्थळांची सहल’. उदगीर किंवा लातूरमधल्या पालकांना लगेच प्रश्न पडतो. एवढे पैसे भरून मुलाला भाषा शिकायला पाठवायचे, की फिरायला? प्रश्न रास्त आहे. पण ही सहल शाळेच्या सहलीपेक्षा वेगळी असते. ती नेमकी कशी असते, तिचा उपयोग काय, खर्चाचे आणि व्हिसाचे काय, हे समजून घेऊ.

हा विषय आता का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी फ्रान्स दौऱ्यावर होते. त्या वेळच्या संयुक्त निवेदनात सप्टेंबर २०२५ पासून ‘आंतरराष्ट्रीय वर्ग’ सुरू करण्याची घोषणा झाली. यात भारतीय विद्यार्थ्यांना फ्रान्सच्या विद्यापीठात आधी एक वर्ष फ्रेंच आणि तिथली अभ्यासपद्धती शिकवायची, मग मूळ पदवीला प्रवेश, अशी रचना आहे. २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये असावेत, असे दोन्ही देशांचे उद्दिष्ट आहे. म्हणजे ‘फ्रेंच येत नाही’ म्हणून बंद असलेला दरवाजा थोडा उघडला आहे. अशा वेळी भाषेच्या कोर्समध्ये काय असते, हे लहान शहरातल्या घरांनाही माहीत हवे.

सहल म्हणजे नेमके काय?

बहुतेक भाषा केंद्रांचा आठवडा ठरलेला असतो. सोमवार ते शुक्रवार वर्ग, मधल्या एखाद्या दुपारी शहरातली फेरी आणि शनिवारी बसने बाहेरगावी. सोबत वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी असतात. त्यामुळे बसमध्येही एकमेकांशी बोलायला समान भाषा म्हणजे मोडकीतोडकी फ्रेंचच.

उदाहरण घेऊ. पूर्व फ्रान्समधल्या बेझांसाँ शहरात विद्यापीठाचे भाषा केंद्र आहे. ते १९५८ मध्ये सुरू झाले. शहराला दू नदीचा वळसा आहे आणि वर डोंगरावर मोठा किल्ला. तो व्होबाँ या लष्करी इंजिनीअरने सतराव्या शतकात आखला. व्होबाँच्या १२ किल्ल्यांचा आणि तटबंद्यांचा २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात हा एक. तिथे शिकणाऱ्याला वर्गातून बाहेर पडले की इतिहास समोरच दिसतो.

दुसरे ठिकाण पॅरिसच्या ईशान्येचे व्हिलेर-कोत्रे. इथल्या राजवाड्यातून राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३९ मध्ये फर्मान काढले आणि न्यायालयीन व सरकारी कागदपत्रांत लॅटिनऐवजी फ्रेंच आली. त्याच वाड्यात २०२३ मध्ये फ्रेंच भाषेचे आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले. भाषा शिकणाऱ्याने पाहावे असे याहून योग्य ठिकाण सापडणे कठीण.

किल्ल्यावर व्याकरण कसे शिकतात?

फ्रेंचमध्ये भूतकाळाचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि नवख्यांची सर्वाधिक गडबड इथेच होते. एक ‘अँपार्फे’. परिस्थिती कशी होती, लोक काय करत असत, हे सांगणारा. दुसरा ‘पासे कोंपोझे’. एखादी घटना घडली, हे सांगणारा. वर्गातल्या पुस्तकात हे नियम रुक्ष वाटतात. किल्ल्यावर मात्र वाटाड्याच्या प्रत्येक वाक्यात हा फरक ऐकू येतो. ‘हे शहर स्पेनच्या ताब्यात होते, इथे सैनिक राहत असत’ हा पहिला प्रकार. ‘१६७४ मध्ये चौदाव्या लुईच्या फौजेने ते जिंकले’ हा दुसरा.

मराठी माणसाला हे अवघड जायचे कारण नाही. ‘राहत असे’ आणि ‘जिंकले’ हा फरक आपल्या तोंडात आहेच. इंग्रजीमार्गे फ्रेंच शिकताना आपण तो विसरतो, एवढेच.

आकड्यांचेही तसेच. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात आणि नव्वदला ‘चार वीस दहा’. आपल्याकडे खेड्यातली जुनी माणसे ‘चार विसा’ म्हणत, तोच हिशेब. ऐतिहासिक स्थळी दर मिनिटाला एखादे साल कानावर पडते. ते पटकन समजायला लागले की स्टेशनवरची घोषणा आणि दुकानातला भावही समजतो.

शब्दांचेही पाहा. ‘ला तूर’ म्हणजे बुरूज, पण ‘ल तूर’ म्हणजे फेरी. लिंग बदलले की अर्थ बदलतो. वहीत पाठ केलेले विसरते, बुरुजाखाली उभे राहून ऐकलेले सहसा विसरत नाही.

उदगीरचा काय संबंध?

परत आल्यावर वर्गात ठरलेला प्रश्न येतो : तुमच्या गावातल्या एखाद्या ऐतिहासिक जागेबद्दल सांगा. अनेक मुले इथे ताजमहाल सांगून मोकळी होतात. उदगीरच्या मुलाकडे मात्र स्वतःची गोष्ट आहे आणि तिला थेट फ्रेंच धागा आहे.

दक्षिणेत १७५१ ते १७५८ या काळात बुसी हा फ्रेंच सेनानी निजामाच्या दरबारात मोठे प्रस्थ होता. सलाबतजंग गादीवर आला तो त्याच्याच पाठिंब्याने. बुसीच्या हाताखाली कवायती फौजेचे आणि तोफांचे तंत्र शिकलेला इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, पुढे तो मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औसा परिसरात निजामाला कोंडीत पकडून हरवले, त्यात गारद्यांच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. तहात दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर मराठ्यांना मिळाले. त्यानंतर अवघ्या वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. तिथेही भाऊंनी भिस्त ठेवली ती याच इब्राहिमखानावर. लढाईनंतर तो पकडला गेला आणि मारला गेला.

‘गारदी’ हा शब्द मराठीत नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे बदनाम झाला. तो पहारेकरी या अर्थाच्या फ्रेंच ‘गार्द’वरून आला, असे एक मत आहे. अरबी ‘घर्बी’, म्हणजे पश्चिमेकडचा, असे दुसरे. वर्गात सांगायला यापेक्षा चांगला विषय कोणता?

आपण ज्या किल्ल्यात लहानपणी उदागीर बाबांच्या समाधीला गेलो, खंदकाकडे वाकून पाहिले, त्याच्याभोवतीची ही गोष्ट आहे. ती आपल्याला मराठीतच नीट सांगता येत नसेल, तर फ्रेंचमध्ये कुठून येणार?

खर्च, व्हिसा : काय तपासाल?

● सहल फीमध्ये धरलेली आहे की वेगळे पैसे, हे लेखी विचारा. बसभाडे, प्रवेश तिकीट आणि जेवण असे तिन्हींचे उत्तर वेगवेगळे घ्या.

● केंद्राकडे ‘कालिते एफएलई’ हे फ्रेंच सरकारचे गुणवत्ता मानांकन आहे का, ते पाहा. २००७ पासून ते दिले जाते. अध्यापनासोबत विद्यार्थ्यांची सोयही त्यात तपासतात.

● ९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्याहून मोठ्या कोर्सला दीर्घ मुदतीचा, आणि त्यासाठी कॅम्पस फ्रान्सची प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते.

● १८ ते २५ वयाच्या, फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना लूव्रसारख्या राष्ट्रीय संग्रहालयांत मोफत प्रवेश असतो. व्हिसाचा पुरावा सोबत ठेवा. अल्पमुदतीच्या व्हिसावर ही सवलत गृहीत धरू नका.

● सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी ‘वारसा दिवस’ असतात. एरवी बंद असलेल्या अनेक वास्तू तेव्हा खुल्या होतात.

● सहल स्वित्झर्लंड किंवा जर्मनीत जाणार असेल तर मूळ पासपोर्ट जवळ हवाच. लंडनची सहल असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्यावर फ्रान्समध्ये परत येता येणार नाही. घाईत पैसे भरण्याआधी हे तपासा.

सहल वाया कधी जाते?

चार भारतीय मुले एकत्र बसली, हिंदीत गप्पा झाल्या, फोटो काढले, रील टाकले आणि संध्याकाळी परत आली, तर पालकांची शंका खरी ठरते. सहल आपोआप काही शिकवत नाही. आदल्या रात्री त्या जागेचे दहा शब्द लिहून घेणे, तिथे वाटाड्याला किमान एक प्रश्न विचारणे आणि परतल्यावर पाच वाक्ये लिहिणे, एवढे केले तरी फरक पडतो.

याची तयारी विमानात बसण्याआधी, फुकटात होऊ शकते. एखाद्या रविवारी सकाळी उदगीरच्या किल्ल्यात जा. खंदक, तट, बुरूज, दरवाजा यांचे फ्रेंच शब्द शोधा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा आणि दोन मिनिटे फ्रेंचमध्ये बोला : इथे काय होते, आणि १७६० मध्ये काय घडले. पहिल्यांदा अडखळाल. पाचव्यांदा अडखळणार नाही. परदेशी वर्गात तो ठरलेला प्रश्न आला की हीच दोन मिनिटे कामी येतील.